चौकशीवाल्या इंदूताई

इंदूताई भुसारींनी माझी चौकशी केली हे मला आईकडून कळलं. मी सुट्टीत वर्ध्याला घरी गेलो होतो. आई फार खुशीत होती. म्हणाली, नागपूरहून एक बाई कोणाला तरी सोबत घेऊन येऊन गेल्या, मुलगी कोणाची ते काही बोलल्या नाहीत, पण तुझ्याबद्दल बारीक बारीक विचारत होत्या. आईने त्यांना पोहे करून खायला घातले होते, माझ्या लहानपणापासूनच्या गुणांची उजळणी केली होती आणि निघताना हळदीकुंकू लावलं होतं. बाबांनाही बाई समंजस वाटल्या होत्या. हे स्थळ जुळणार, असं त्या दोघांनी ठरवूनच टाकलं होतं.

स्थळबिळ काही नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की त्याच्या पंधरवडाभर आधी मी नागपूरच्या जुनी शुक्रवारी भागातल्या एका मैदानावर जाऊन, मला पोरांना आट्यापाट्या शिकवायच्या आहेत, असं म्हटलं होतं. नागपूरला एका सरकारी कचेरीत मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. लग्न झालेलं नव्हतं, खोलीवर संध्याकाळ खायला उठायची. त्या मैदानावर रोज संध्याकाळी बालमंडळ चालायचं. आजूबाजूच्या वस्त्यांतली पन्नास-साठ मुलंमुली जमायची आणि चार-पाच मोठी माणसं त्यांना खेळ, गाणी, लेझीम असं काहीबाही शिकवायची. सगळे बिनपगारी. मंडळाच्या कर्त्या होत्या इंदूताई. चाळिशीच्या, सावळ्या, ठेंगण्या, पायात रबरी चपला, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याबद्दल मी कोणाकोणाले विचारू?"

मला वाटलं, शिफारसपत्र मागताहेत. मी आमच्या साहेबांचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, साहेब राहू द्या, घरमालकाचं सांगा, गावाकडच्या शाळेतल्या कोणाचं तरी सांगा, आणि ज्याच्याशी तुमचं पटत नाही असं एक नाव द्या. हे तिसरं ऐकून मी जरा चपापलो. शेवटी आमच्या शेजाऱ्यांचं नाव दिलं. भिंतीवरून बाबांचं आणि त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. बाई खरंच वर्ध्याला जाऊन त्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून येतील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेजारी म्हणाले होते, बाप अडेल आहे, पोरगा ठीक आहे.

पोलीस ठाण्यातही त्या जाऊन आल्या होत्या. तिथल्या उत्तरेकडच्या हवालदाराची आणि त्यांची जुनी ओळख होती. दर वेळी तो त्यांची थट्टा करायचा, "बहनजी, खो-खो खेलने के लिए भी थाने का सर्टिफिकेट?" पण थट्टा करता करता आतल्या खोलीतल्या माणसांना विचारून यायचा, या नावाचा कोणी कधी आपल्याकडे आला होता का म्हणून.

मला फार राग आला होता. मी काय चोर आहे का, असं मी त्यांना मैदानावर जाऊन विचारलं. त्या लेझीमच्या जोड्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही चोर नाही हे आता मले माहीत हाय. आधी नव्हतं. उद्यापासून या."

का कोण जाणे, मी दुसऱ्या दिवशी गेलो. आणि पुढे पंधराएक वर्षं जात राहिलो.

इंदूताई आरोग्य खात्यात देवीची लस टोचणाऱ्या होत्या. सकाळी पेटी घेऊन मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरायच्या. त्यांचा अंबाडा गल्लीच्या टोकाला दिसला की पोट्टे पलंगाखाली, कोठीमागे, कुठे मिळेल तिथे लपायचे. इंदूताई त्यांना बाहेर ओढून काढायच्या नाहीत. दारात बसायच्या, पाणी मागायच्या, घरच्या बाईशी ज्वारीच्या भावाबद्दल, सासूच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहायच्या. आतला पोरगा कंटाळून आपोआप बाहेर यायचा. सकाळी त्यांच्या नावाने भोकाड पसरलेली हीच पोरं संध्याकाळी मैदानावर दंड वर करून, किती सुजलाय बघा, म्हणून त्यांना कौतुकाने दाखवायची.

माणसांची चौकशीही त्या अशीच करायच्या. त्यांच्यासोबत मी पुष्कळदा गेलो आहे, कारण एकट्याने चौकशीला जायचं नाही असा त्यांचा नेम होता. दारात बसायचं, पाणी प्यायचं, इकडच्या तिकडच्या गोष्टी करायच्या. मग ज्या माणसाबद्दल विचारायचं त्याचं नुसतं नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. समोरचा माणूस बोलायला लागतो. पहिल्यांदा चांगलं बोलतो, ते ऐकून घ्यायचं आणि तरी गप्प बसायचं. मग तो पुढचं बोलतो. शिवाय त्या गल्लीतल्या पोरांकडे बघायच्या. त्या नावाचा माणूस गल्लीत शिरला की पोरं त्याच्याकडे धावतात, की आपला खेळ चालू ठेवतात, की उठून जातात. धावली म्हणून त्या खूश व्हायच्या असंही नाही. खेळ चालू ठेवणारी पोरं त्यांना जास्त आवडायची.

मंडळात एक नियम होता. कोणीही मोठं माणूस एकट्या पोराला घेऊन बंद दाराआड बसणार नाही. गुडघा फुटलेल्या मुलीला टिंक्चर लावायचं झालं तरी इंदूताई आमच्यापैकी कोणाला तरी हाक मारायच्या, आणि ते माणूस येईपर्यंत मुलीशी नुसत्या बोलत बसायच्या. स्वतःला सूट देणं त्यांना जमायचं नाही.

या सगळ्यामुळे कितीतरी माणसं दुखावून गेली. एक गायक गृहस्थ तर, भल्या घरच्या माणसाचा हा अपमान आहे, असं चारचौघांत सुनावून निघून गेले. मंडळाचे अध्यक्ष धंतोलीतले एक वकीलसाहेब होते. इंदूताईंबद्दल त्यांना आदर होता, पण अशा वेळी ते हात जोडायचे. म्हणायचे, ताई, फुकट काम करायला माणसं मिळत नाहीत, आणि जी येतात त्यांना तुम्ही पळवून लावता. इंदूताई म्हणायच्या, खोली भाड्याने देताना तुम्ही चार ठिकाणी विचारता की नाही, मग इथे तर तुम्ही तुमची पोरं देताय. वकीलसाहेबांची दोन्ही मुलं मंडळात यायची. ते गप्प व्हायचे.

श्रावणभाऊ आला तेव्हा मात्र ते गप्प बसले नाहीत. श्रावणभाऊ कापडगिरणीत कामाला होता, आणि कबड्डीत त्याच्यासारखा पकड करणारा त्या भागात दुसरा नव्हता. तो मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांचा खेळ बघायचा आणि राहवलं नाही की ओरडून सांगायचा. एक दिवस इंदूताईंनी त्याला बोलावून नेहमीचा प्रश्न विचारला. तुझ्याबद्दल कोणाला विचारू? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "जेलरले विचारा." जुन्या गिरणीत मुकादमाशी भांडण होऊन त्याने त्याच्या डोक्यात लोखंडी दांडा घातला होता. मुकादम वाचला, श्रावणभाऊ तुरुंगात जाऊन आला होता.

इंदूताई खरंच सेंट्रल जेलच्या फाटकाशी गेल्या. दोनदा परत पाठवल्यावर तिसऱ्यांदा आतल्या एका अधिकाऱ्याने त्यांना भेट दिली. मग त्या त्याच्या मोहल्ल्यात गेल्या, त्याच्या बायकोकडे गेल्या, आणि ज्याचं डोकं फुटलं होतं त्या मुकादमाकडेही गेल्या. त्या वेळी मी सोबत होतो. मुकादमाने श्रावणभाऊला मनसोक्त शिव्या घातल्या. त्याचं डोकं अजून दुखायचं, त्याचा राग खराच होता. इंदूताईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. शेवटी एवढंच विचारलं, की लहान पोरांच्या बाबतीत याचं काही वेडंवाकडं कधी कानावर आलं का. मुकादम थांबला, विचार करून म्हणाला, नाही, ते नाही. राग त्याच्या नाकावर असतो, पण तो समोरून येतो.

बैठकीत वकीलसाहेबांनी विचारलं की, शिक्षा झालेल्या माणसाला तुम्ही पोरांत आणणार असाल, तर मग ही चौकशी करता तरी कशाला? इंदूताई म्हणाल्या, त्याने काय केलं ते मला माहीत आहे, का केलं ते माहीत आहे, आणि ते त्याने स्वतः सांगितलं. ज्याच्याबद्दल मला काहीच माहीत नाही त्याच्यापेक्षा मला हा बरा वाटतो. श्रावणभाऊला त्यांनी घेतलं. तो काही देवमाणूस निघाला नाही. दुसऱ्याच वर्षी एका स्वयंसेवकाच्या अंगावर तो हात उगारून धावला, तेव्हा इंदूताईंनी त्याला उन्हाळाभर मैदानात पाय टाकू दिला नाही. तो रोज कडेला येऊन उभा राहायचा, परत जायचा. पावसाळ्यानंतर त्यांनी त्याला पुन्हा आत घेतलं.

मधुकर आला त्या वर्षी मंडळाची थंडीतली शिबिरं नुकतीच सुरू झाली होती. रामटेकजवळ खिंडसीच्या तलावाकाठी आम्ही पोरांना चार दिवस न्यायचो. मधुकर इंदूताईंचा धाकटा भाऊ. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावी आई गेली तेव्हा तो रांगत होता. इंदूताईंनी त्याला वाढवलं, शिकवलं, आणि त्यातच त्यांचं लग्नाचं वय निघून गेलं. याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, त्यांचे मामा बोलायचे. मधुकर उमरेडच्या एका शाळेत मास्तर होता. ती नोकरी सोडून तो नागपूरला बहिणीकडे येऊन राहिला. गोरा, हसरा, पेटी वाजवणारा, नकला करणारा. आठ दिवसांत मैदानावरची पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायला लागली. इंदूताईंना त्याचं किती कौतुक होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. तो गायला लागला की त्या हातातलं काम ठेवून उभ्या राहायच्या.

शिबिराला मधुकरलाही न्यायचं असं वकीलसाहेबांनी परस्पर ठरवून टाकलं. इंदूताई म्हणाल्या, आधी उमरेडला जाऊन येते. वकीलसाहेब हसले. अहो, तुमचा सख्खा भाऊ. मधुकरही हसला. म्हणाला, अक्का, तूच मले वाढवलं, आता तू माझी चौकशी करून राहिली का? त्याही हसल्या. सगळ्यांचीच करते, तुझी नाही केली तर उद्या लोकांना काय सांगू, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात तेव्हा काही शंका होती, असं मला वाटत नाही. त्या जाताना त्याच्या जुन्या शाळेसाठी संत्र्यांची करंडी घेऊन निघाल्या होत्या.

आम्ही दोघं सकाळच्या एसटीने उमरेडला गेलो. शाळेच्या मुख्याध्यापकांनी चहा पाजला. मधुकरची तोंडभर स्तुती केली, त्याला दिलेल्या उत्तम दाखल्याबद्दल सांगितलं. तो स्वतःहून सोडून गेला, आम्हाला फार वाईट वाटलं, असं म्हणाले. इंदूताई गप्प बसल्या. मुख्याध्यापकही गप्प बसले, मग घड्याळाकडे बघून उठले. ठाण्यातही काही नव्हतं. या नावाचा माणूस तिथे कोणाला माहीतच नव्हता.

माझ्या मते काम झालं होतं. पण मधुकर राहायचा ती गल्ली राहिली होती. विणकरांची वस्ती होती ती, घराघरांतून हातमागाचा खटखट आवाज येत होता. गल्लीच्या तोंडाशी पाच-सात पोरं गोट्या खेळत होती. शाळेत देऊन उरलेली संत्री बघून ती आमच्याभोवती जमली. कोणाकडे आलात, कुठून आलात, सगळी एकदम बोलायला लागली. इंदूताईंनी एकाच्या हातावर संत्रं ठेवत विचारलं, मधुकर सर कुठं राहायचे रे?

पोरं बोलायची थांबली. एकाने हात मागे घेतला. त्यांच्यातला एक जरा मोठा मुलगा होता, बारा-तेराचा असेल, तो उठला आणि मागे न बघता एका घरात शिरला. आतून दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

त्या घराच्या पडवीत एक बाई रहाट फिरवत सूत कांड्यांवर गुंडाळत बसली होती. तिने बाकीच्या पोरांना घरी पिटाळलं आणि आम्हाला विचारलं, तुम्ही कोण. इंदूताई म्हणाल्या, नागपूरहून आलो, मधुकर सर आमच्याकडे पोरांसोबत काम करू मागताहेत, म्हणून विचारायला आलो. बाईचा रहाट थांबला.

"त्याले पोरांत ठेवू नका," ती म्हणाली.

इंदूताई पडवीत खाली बसल्या. या वेळी त्यांनी पाणी मागितलं नाही. त्या बाईने काय काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते तिच्या मुलाचं आहे. मधुकर आपल्या खोलीवर पोरांना फुकट शिकवायचा. आदल्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या मुलाने शाळा सोडली, आणि का सोडली ते तिला फार उशिरा कळलं. ती मुख्याध्यापकांकडे गेली होती. त्यांनी तिला समजावलं की बोभाटा झाला तर तुझ्याच पोराचं नाव खराब होईल, मी त्याला काढतो, तू गप्प राहा. त्यांनी त्याला काढलं, आणि जाताना हातात चांगला दाखला दिला.

बोलून झाल्यावर ती रडत होती. इंदूताई रडल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "बाई, मी त्याची सख्खी बहीण हाय."

मी मनात म्हटलं, आता ही बाई आपल्याला हाकलून देणार. तिने डोळे पुसून इंदूताईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "बहीण असून विचाराले आल्या तुम्ही. शाळेतून आजवर कोणी नाही आलं."

पोलिसांत जायचं असेल तर मी तुमच्याबरोबर उभी राहीन, असं इंदूताईंनी तिला सांगितलं. तिने मान हलवली. माझ्या पोराला याच गल्लीत राहायचं आहे, म्हणाली. इंदूताईंनी पुन्हा आग्रह केला नाही.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. कोळशाच्या गाड्यांच्या धुळीने बाहेरची झाडं काळवंडलेली होती. नागपूर जवळ आल्यावर त्या म्हणाल्या,

"वसंता, तू सोबत होता ते बरं झालं गा. एकटी असती तं घरी पोचेपर्यंत मी त्याच्यासाठी कायतरी बहाणा शोधून काढला असता."

घरी भावाबहिणीत काय झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मधुकर माझ्या कचेरीच्या दाराशी उभा होता. डोळे सुजलेले. म्हणाला, त्या बाईच्या मुलाला मी नापास केलं म्हणून तिने हा डाव साधला, अक्काचं डोकं फिरलंय, तुम्ही तिला समजवा. तो इतकं पोटतिडकीने बोलत होता, की मी त्या पडवीत बसलो नसतो तर मला ते नक्की पटलं असतं. मी फक्त नाही म्हणालो आणि आत गेलो. त्याच दिवशी त्याने इंदूताईंचं घर सोडलं.

वकीलसाहेबांचं म्हणणं होतं, मधुकरची तब्येत बरी नाही असं सांगून विषय संपवावा. मंडळाचं नाव जपायला हवं. इंदूताईंनी रविवारी पोरांच्या आईबापांना मैदानावर बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, की माझा भाऊ इथे येत होता, तो यापुढे येणार नाही, कारण तो पोरांत राहण्यालायक नाही. तो माझ्याकडे राहत होता म्हणून मी त्याला विचारपूस करायच्या आधीच मैदानावर येऊ दिलं, ही माझी चूक. तुमच्या पोरांना घरी प्रेमाने विचारा, दटावू नका. कोणी काही सांगितलं तर माझ्याकडे या, नाहीतर सरळ ठाण्यात जा. उमरेडच्या बाईचं नाव, गाव काही त्या बोलल्या नाहीत.

पुढचे काही दिवस आम्ही सगळे धास्तावून होतो. इंदूताई घरोघर गेल्या. आमच्या पोरांपैकी कोणाला काही झालं नव्हतं. तरीही निम्मी पोरं यायची बंद झाली. ज्यांच्या घरात असला माणूस निघाला त्यांच्याकडे पोरं कशी पाठवायची, असं लोक म्हणायचे, आणि त्यांचं फार चूक होतं असंही नाही. त्या वर्षी खिंडसीला आम्ही जेमतेम वीस पोरं घेऊन गेलो. पोरं हळूहळू परत आली, पण त्याला दोन-तीन वर्षं लागली.

मला वाटलं होतं, इथे हे प्रकरण मिटलं. इंदूताईंच्या लेखी ते मिटलं नव्हतं. मधुकरकडे उत्तम दाखला होता, ठाण्यात त्याच्या नावावर काही नव्हतं, तो दुसऱ्या कुठल्याही शाळेत लागू शकत होता. तो कुठे अर्ज करतो ते त्यांना नातेवाइकांकडून नाहीतर गावोगाव फिरणाऱ्या त्यांच्या सोबतच्या लस टोचणाऱ्यांकडून कळायचं. मग त्या त्या शाळेत जायच्या, मुख्याध्यापकांना भेटायच्या आणि सांगायच्या, मी त्याची बहीण, त्याच्या हाती पोरं देऊ नका. बहुतेकांना वाटायचं, शेतीच्या वाटणीचं भांडण असावं. काहींनी त्यांना शिपायाकडून बाहेर काढलं. एका शाळेने त्यांचं न ऐकता त्याला ठेवून घेतलं, तेव्हा त्या रजा काढून रोज मधल्या सुट्टीत फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. आईबाप विचारायचे, बाई, तुम्ही कोण, इथे काहून उभ्या असता? त्या सांगायच्या. मधुकरला ती नोकरी सोडावी लागली.

मामांनी त्यांना निरोप पाठवला की आमच्या दारात येऊ नको. मामेबहिणीचं लग्न झालं, त्याची पत्रिका आली नाही. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देणारी बाई, असं त्यांच्याबद्दल त्यांच्या गावात बोललं जायचं. त्यांनी एकदाही कोणाला खुलासा दिला नाही, कारण खुलासा द्यायचा तर उमरेडच्या त्या मुलाची गोष्ट सांगावी लागली असती.

शेवटी मधुकर जरीपटक्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला लागला. तिथे इंदूताई काही बोलायला गेल्या नाहीत. राखीपौर्णिमेला मात्र त्याच्या खोलीवर जायच्या. तो दार उघडायचा नाही. त्या दाराच्या कडीला राखी बांधून परत यायच्या. एकदा मी त्यांना विचारलं की हे कसं जमतं तुम्हाला.

"तो माझा भाऊ हाय, ते काही खोटं नाही," त्या म्हणाल्या. "अन् उमरेडचं तेही खोटं नाही. दोन्ही घेऊन राहा लागते."

उमरेडलाही त्या अधूनमधून जायच्या. पडवीत त्या बाईशेजारी बसून कांड्या भरू लागायच्या. मुलगा पहिलं वर्षभर त्यांच्यासमोर आला नाही. मग कधीतरी तो आतून पाण्याचा गडवा घेऊन आला आणि त्यांच्यापुढे ठेवून गेला. बोलला काही नाही. पुढे तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला, त्याचं लग्न झालं, एवढं मला माहीत आहे.

काळ गेला. देवीचा रोग हटला, इंदूताईंच्या पेटीत दुसऱ्या लसी आल्या, आणि मग त्या निवृत्त झाल्या. माझं लग्न झालं. माझी मुलगी त्याच मैदानावर आट्यापाट्या शिकली. मंडळात नवी, तरुण माणसं आली. ती कुरकुर करायची, पण घरमालकाचं नाव द्यायची, न पटणाऱ्या माणसाचंही द्यायची.

मग माझी अकोल्याला बदली झाली. निघायच्या आधीच्या आठवड्यात कचेरीच्या कामाने मी स्कूटरवर हिंगण्याला गेलो होतो. औद्योगिक वसाहतीच्या कामगारांच्या पोरांसाठी तिथे एक नवी शाळा निघाली होती. रस्त्यावरून जाताना तिच्या व्हरांड्यातल्या बाकावर मला इंदूताई दिसल्या. केस पूर्ण पांढरे झालेले, पाय सुजलेले, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मी स्कूटर थांबवून आत गेलो. त्या म्हणाल्या, कापडाचं दुकान बंद पडलं, त्याने इथे अर्ज केला आहे असं कळलं. सकाळपासून बसल्या होत्या. मुख्याध्यापक वर्गावर आहेत, असं शिपाई सांगत होता.

मी सोबत थांबतो म्हणालो. त्यांनी मला अकोल्याचं विचारलं, घर मिळालं का, मुलीच्या शाळेचं काय केलं. नव्या शाळेत कोण कोण आहे ते आधी जाऊन पाहून ये, म्हणाल्या. मग म्हणाल्या, जा तू, तुझं काम राहील.

मी फाटकापर्यंत आलो तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं वर्गांतून बाहेर पडली. मागे वळून पाहिलं तर मुख्याध्यापक आले होते. तरुण होते, तिशीचे असतील. त्यांनी ऑफिसचं दार उघडून इंदूताईंना आत घेतलं. उघड्या खिडकीतून दोघं दिसत होती. त्यांनी खुर्ची पुढे केली. इंदूताई बसल्या नाहीत. टेबलाच्या कडेवर एक हात टेकून, उभ्यानेच त्यांनी बोलायला सुरुवात केली. मैदानात पोरांचा इतका गलका चालला होता, की मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मुख्याध्यापक ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि तो गलका आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली.